अळंबीची ओळख आणि मातीखालचा पुरावा

पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळांच्या परिसरात उगवणारी अळंबी ओळखताना लक्ष प्रथम छत्रीकडे जात असले, तरी निर्णायक पुरावा बहुधा मातीखाली असतो. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजे एम यांनी १९४२ मध्ये या अळंबीची जी टर्मिटोमायसिस ही प्रजाती वर्णिली, तिच्या बहुतेक जातींत छत्रीच्या मध्यभागी टोकदार उंचवटा असतो आणि देठ खाली छद्ममुळाच्या, म्हणजे मुळासारख्या दिसणाऱ्या भागाच्या रूपाने, वाळवीने जोपासलेल्या बुरशीपर्यंत गेलेला असतो. म्हणूनच अळंबी खुडण्याऐवजी भोवतालची माती हलकेच उकरून पाहणे, ही अभ्यासकाची पहिली शिस्त मानली पाहिजे.

दुसरी कसोटी बीजाणूंच्या ठशाची. देठ कापून छत्री कागदावर पापुद्र्यांची बाजू खाली ठेवून रात्रभर झाकली असता गळालेल्या बीजाणूंचा रंग उमटतो. टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबीसर येतो, तर गवताळ जागी वाढणाऱ्या, तीव्र उलट्या घडवणाऱ्या क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचा हिरवट येतो. कोवळेपणी दोन्हींचे पापुद्रे पांढरेच असल्यामुळे हा फरक अमूल्य आहे. किडींनी खाल्लेली अळंबी निर्धोक असते, हा समज मात्र सोडलाच पाहिजे; शिवाय अमानिटा प्रजातीतील काही जातींमधील अमाटॉक्सिन हे विष शिजवूनही नष्ट होत नाही आणि लक्षणे सहा ते चोवीस तासांनी दिसू लागतात.