लातूरचा समुद्र

"काय? समुद्र? लातुरात? डोकं ठिकाणावर आहे ना गं?"

फर्स्ट इयरला रूममेटला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिची ही प्रतिक्रिया होती. तिचं तरी काय चुकलं म्हणा! नांदेडला निदान गोदावरी आहे, आपल्याला जवळच विष्णुपुरीचं धरण आहे. आमचं लातूर मात्र बाहेरच्यांना माहीत असतं ते 'लातूर पॅटर्न'मुळे, नाहीतर पाण्याच्या रेल्वेमुळे. अशा गावात आमच्या बैठकीत, टीव्हीच्या शेजारी, खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यात मासे आहेत, खडक आहेत, लाटासुद्धा आहेत (छोट्या मोटरच्या). मराठी विभागाच्या ताईंनी "त्यावरच लिही" म्हणून गळ घातली, म्हणून हा प्रपंच. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं खापर माझ्यावर फोडू नये ही विनंती!

तर, सुरुवात २०१६ ला झाली. मी अकरा वर्षांची होते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वॅगन, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. पप्पांनी तेव्हा चार निळे बॅरल विकत आणले. आज्जीच्या हिशेबात मात्र लिटर नव्हतेच, घागरीच होत्या. सुट्टी लागली तशी आईने मला मुंबईला मामाकडे पाठवून दिलं, म्हणजे घरातलं पाण्याचं एक तोंड कमी!

मामाने मरीन लाइन्सचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेलं. १९५१ सालचं ते मत्स्यालय आदल्याच वर्षी नवं होऊन उघडलं होतं. भल्यामोठ्या काचेसमोर मी उभी राहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "मामा, इथं पाणी किती दिवसांनी येतं?" मामा हसला. मग हसायचा थांबला.

ती काच डोक्यातून गेली नाही. बारावीनंतरच्या सुट्टीत साठवलेल्या पैशांतून दोन फुटी टँक घेतला. खडक वगैरे जाऊन त्यात ५० लिटर पाणी बसायचं. समुद्राचं पाणी काही लातुरात मिळत नाही, त्यामुळे पुण्याहून तयार सागरी मीठ मागवलं. लिटरला ३५ ग्रॅम. आज्जीने विचारलंच, "घरातलं मीठ का नको?" तर त्यात नुसतं सोडियम क्लोराइड, वर आयोडीन. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असं बरंच काही असतं. आणि साधं पाणीही चालत नाही. आमच्या बोअरचा टीडीएस ९०० च्या पुढे, म्हणून आरओ. आरओ एक लिटर चांगलं पाणी देतं आणि जवळपास तीन लिटर बाजूला टाकतं. हे 'बाजूला टाकलेलं' आमच्या घरात कधीच वाया गेलं नाही. त्यानं फरशी पुसायची, संडासात टाकायचं. आई तर म्हणाली, तुझ्या माशांमुळे घराची फरशी चकाचक झाली.

त्यानंतर मी इकडे हॉस्टेलला आले आणि समुद्र आईच्या ताब्यात गेला. इथंच घोटाळा झाला.

लातूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. ४१-४२ डिग्री म्हणजे रोजचंच. माशांना २५-२७ लागतं. चिलर परवडत नाही, म्हणून टँकवर छोटा पंखा लावला होता. माठाचंच तत्त्व! एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते (थर्मोच्या सरांनी इकडे लक्ष द्यावे, मला आठवतंय). पण वाफ होते ती फक्त पाण्याची. मीठ तिथंच राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी भरताना नेहमी गोडं पाणी घालायचं, खारं नाही. हे मला इतकं उघड वाटत होतं की आईला सांगायचं सुचलंच नाही. फोनवर एवढंच म्हणाले, "रोज लिटरभर पाणी टाकत जा." आईने विचार केला, खाऱ्या टाकीत खारंच घालायचं असणार. बिचारीने नऊ दिवस काट्यावर ३५ ग्रॅम मीठ मोजून, ढवळून, रोज प्रेमाने घातलं.

नऊ गुणिले ३५, म्हणजे ३१५ ग्रॅम. ५० लिटरमध्ये. सबमिशन आटोपून मी लोहा-अहमदपूर मार्गे एसटीने घरी पोचले आणि हायड्रोमीटर बुडवला तर काटा १.०२५ च्या जागी १.०३१ वर. जोकर मासे, म्हणजे तुमचे 'नेमो', कोपऱ्यात धापा टाकत होते. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी उलटी पडली होती. दोन वर्षं ती माझ्या हातावर येऊन नखं साफ करायची.

मी आईवर ओरडले. मिठाचं, वाफेचं, घनतेचं सगळं इंग्लिशमध्ये ऐकवलं. आई काही बोलली नाही. आज्जी निवडत असलेलं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "वरण आटलं की साधंच पाणी घालतेत माय. मीठ घालत नाहीत. एवढं आधी सांगितलं असतंस तर?"

मी गप्प. चार सेमिस्टर झाल्या, पण एक वाक्य नीट सांगता आलं नव्हतं. पाणी एकदम गोडं करूनही चालत नाही, माशांना तो धक्का सोसत नाही. म्हणून थोडं खारं काढायचं, तेवढंच गोडं घालायचं, असं चार दिवस चाललं. त्यातच एका रात्री लाइट गेली. जाग आली तर पप्पा अंधारात स्टुलावर बसून तांब्याने टँकमधलं पाणी काढून वरून परत ओतत होते, म्हणजे हवा मिसळावी. हेच पप्पा वर्षभर त्या टँकला 'थेरं' म्हणत होते. दोन्ही जोकर मासे वाचले.

या सगळ्यावरून मोठा टँक घ्यायचं ठरलं. ऐकायला उलटं वाटेल, पण खाऱ्या टँकमध्ये मोठा तोच सोपा. तीच ३१५ ग्रॅमची चूक १९० लिटरमध्ये झाली असती तर काटा जेमतेम हलला असता. गल्लीतल्या काचवाल्याकडून तीन फूट बाय दीड बाय दीडचा टँक बनवून घेतला. पाणी, काच, खडक धरून अडीचशे किलोच्या आसपास. म्हणून लोखंडी स्टँड आणि तळमजल्याची भिंत.

पण भरायचा कशानं? पप्पांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या जागेत गणित मांडलं. १९० लिटर आरओसाठी ५७० लिटर बाजूला. एकूण ७६०. "म्हणजे चार बॅरल," ते म्हणाले. पुढे काहीच बोलले नाहीत. २०१६ मध्ये चार बॅरलवर आमचं घर किती दिवस चालायचं ते मला माहीत होतं. मग अटच घातली : उन्हाळ्यात हा टँक भरायचा नाही.

तोडगा पुन्हा आज्जीचाच. "आभाळातून पडतं ते आणखी कशातून गाळायचंय?" जूनचे पहिले दोन-तीन पाऊस गच्चीवरची धूळ धुवायला सोडून दिले. मग तेच जुने निळे बॅरल घासून पन्हाळीखाली लावले, तोंडाला धोतराचं फडकं. टीडीएस मीटर बुडवला, आकडा आला १४! नवरा निवडल्यासारखा मी तो सगळ्यांना दाखवत फिरले.

मला खरं तर त्यात प्रवाळ हवं होतं. त्याशिवाय रीफ टँक कसला? पुण्यात एका दुकानात माणसाने हळूच आतून एक तुकडा आणून दाखवला. "लोकल आहे, स्वस्तात देतो." मी पैसेही मोजायला काढले होते. पण तो हळू का बोलतोय ते कळेना, म्हणून बाहेर येऊन मोबाइलवर शोधलं. आपल्या समुद्रातली पाषाण-प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच यादीत. २०२० मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडसाठी हाजी अली आणि वरळीच्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या तेव्हा त्यालाही परवानगी लागली होती. आणि मी एक पिशवीत घालून शिवशाहीतून आणणार होते! परत आत गेले नाही. तेव्हा आमच्या रीफमध्ये प्रवाळ नाही, सिरॅमिकचे खडक आहेत. वाईट वाटतं का? वाटतं. मालवणला जाऊन पाण्याखाली खरं बघायचंय.

जुन्या टँकमधले खडक ओलेच नव्यात हलवले, कारण माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्यांच्यावरच राहतात. तरी महिनाभर दुसरा मासा आणला नाही. निळा 'डोरी' यादीतून खोडला, तो फूटभर वाढतो. तीन फुटांत त्याने पोहायचं कुठं? सध्या दोन जोकर मासे, एक नवी कोळंबी, चार शंखातले खेकडे, बस्स. जोकर मासे सगळे आधी नरच असतात. गटात जो सगळ्यात मोठा होतो तो मादी बनतो. हे आज्जीला सांगितलं तर म्हणाली, "मग घरात कोण मोठं ते त्यांना कळतंय की."

पाणी घालायचं काम आता तिचंच आहे. काचेवर तिने कुंकवाने रेघ मारलीय, तिथपर्यंत भरायचं. परवा रात्री मेसच्या रांगेत असताना तिचा फोन आला.

"माय, आज तांब्याभर कमीच घातलं बघ. ढग होते दिवसभर."