चवीचा निवाडा

वाइन चाखायला शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : ‘आवड ज्याची त्याची. मग ही वाइन चांगली आणि ती सुमार, हे ठरवणारे तुम्ही कोण?’ प्रश्न रास्त आहे. नाशिकमध्ये वाइन चाखणं हाच माझा व्यवसाय असल्याने उत्तर देणं मला भागच आहे.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५७ मध्ये अभिरुचीच्या निकषावर निबंध लिहिला. त्यात त्याने ‘डॉन किहोते’ या कादंबरीतली एक गोष्ट घेतली आहे. नायकाचा सेवक सांचो पांझा याच्या घराण्यातल्या दोघांना एका पिंपातली वाइन पारखायला बोलावतात. एक म्हणतो, वाइन उत्तम, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसऱ्यालाही वाइन पसंत पडते, पण त्याला लोखंड जाणवतं. लोक दोघांनाही हसतात. पुढे पिंप रिकामं होतं, तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली निघते.

ह्यूमचं म्हणणं असं, की आवड आपल्या मनात असली तरी तिला जागं करणारे गुण वस्तूतच असतात. ते ओळखायला सराव लागतो आणि पूर्वग्रह बाजूला ठेवावे लागतात. मला या गोष्टीत आणखी एक मुद्दा दिसतो. दोघेही बरोबर होते, पण प्रत्येकाला अर्धीच किल्ली सापडली होती.

शिराझ या रेड वाइनचंच बघा. तिच्यातला काळ्या मिरीचा वास रोटंडोन या संयुगाचा असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. खुद्द मिरीतही तेच असतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी वास येतो. मात्र चाचणीतल्या सुमारे २० टक्के लोकांना ते भरपूर प्रमाणात असूनही जाणवलं नाही. नाक कितीही तयारीचं असलं, तरी एकट्याच्या नाकावर विसंबून निवाडा करता येत नाही.

डोळेही दगा देतात. बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. २००१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणून मी बाटल्या झाकून ठेवतो आणि पहिली काही मिनिटं कुणालाच बोलू देत नाही. आधी वास घ्यायचा, मग छोटा घोट तोंडात घोळवायचा. आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं, टॅनिनच्या तुरटपणाने हिरड्या कोरड्या पडतात. घोट थुंकला की नाकाने श्वास सोडायचा. घशामागून वर येणारा गंध तेव्हाच कळतो. हे सगळं आपापल्या वहीत उतरलं की मगच चर्चा. एकाने ‘मिरी’ म्हटलं आणि इतरांनी मान हलवली नाही, तर सगळे पुन्हा ग्लास उचलतात. कधी ती सापडते, कधी नाही. पण तिथवर वाद आवडीचा राहिलेला नसतो. ग्लासात काय आहे, याचा झालेला असतो.

हिरव्या ढोबळी मिरचीचा वास मारणारी सोव्हिन्यो ब्लां ही पांढरी वाइन मी घरी कधीच उघडणार नाही. पण तिच्यातला आंबटपणा नेटका असेल, गंध स्वच्छ असेल आणि घोटानंतर चव रेंगाळत असेल, तर ती उत्तम वाइन आहे, असं मी वर्गात ठामपणे सांगतो. न आवडलेल्या गोष्टीचा चांगुलपणा मान्य करता येणं, यालाच मी रसिकता म्हणतो.