आरंभकाळाचे पाठभेद

यंत्राच्या मंदपणाची माणसाला सवय होते. त्याच्या लहरीपणाची होत नाही. आमच्या मराठी विभागातील संगणक रोज नेमाने पाच मिनिटांनी सुरू होत असता, तर तेवढ्या वेळात आम्ही दोघांनी हजेरीपट पाहून घेतले असते आणि या विषयावर लिहिण्याचे कारणच उरले नसते. परंतु तो कधी दीड मिनिटात जागा होई, कधी चार मिनिटांत, आणि एखाद्या दिवशी अकरा मिनिटे नुसता काळा पडदा दाखवी.

दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाचे निदान दारातच तयार होते. "सर, जुना झालाय. फॉरमॅट मारून टाकू." हा आपल्याकडचा सर्व व्याधींवरचा उतारा. आम्ही त्याला हरकत घेतली. संगणक २०१५ सालचा, म्हणजे वय झालेले हे खरे. पण वय सोमवारी वाढून मंगळवारी कमी होत नाही. दुसरे कारण त्याच्या पोटात होते. २००६ ते २०१७ या काळात एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या तिथे टंकलेल्या होत्या. सीडीवर काढलेली त्यांची प्रत आता वाचता येत नव्हती, आणि गाणाऱ्या बायांपैकी बहुतेक जणी हयात नाहीत.

मराठीच्या अध्यापकाला पाठभेद नवे नाहीत. दोन पोथ्या जिथे वेगळ्या वाचतात तिथेच काहीतरी घडलेले असते. सगळ्या पाठांची सरासरी काढून संहिता सिद्ध होत नाही. तेव्हा आम्ही एका वहीत चार रकाने आखले : तारीख, आदल्या वेळी संगणक कसा बंद झाला, पडद्यावर चित्र कधी दिसले आणि पहिली फाइल प्रत्यक्षात कधी उघडली. (खरा रकाना चौथा. पडदा वर गेला तरी नट अजून रंगपटात असू शकतात.)

पाच आठवड्यांत अर्धे गूढ उकलले. रीतसर बंद केलेला संगणक सकाळी लवकर येई; 'रीस्टार्ट' केला की मात्र दुपटीहून अधिक वेळ घेई. हे सामान्य समजुतीच्या उलट आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तीत 'शट डाउन' करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा उतरवून ठेवतात आणि पुढच्या वेळी तो आयता उचलतात. रीस्टार्टमध्ये सगळी मांडामांड पहिल्यापासून. वीज अचानक गेली, तर गाभा उतरवायला अवसरच मिळत नाही; वर डिस्कच्या तपासणीची भर पडू शकते. सुट्टीनंतर साचलेल्या अपडेटांचे ओझे वेगळेच. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' यादीतले तीन-चार अनाहूत प्रोग्रॅम बंद केल्यावर चौथा रकाना थोडा आक्रसला.

तरीही पाच नोंदी कशातच बसेनात. अकरा मिनिटे, नऊ, पुन्हा अकरा. वीज गेलेली नाही, अपडेट नाही. तेव्हा आम्ही 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडला. विंडोज स्वतःची रोजनिशी लिहीत असते आणि तीत आरंभाला लागलेला वेळही मिलिसेकंदांत नोंदलेला सापडतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या पाचही दिवशी रोजनिशीत एकच तक्रार होती : डिस्कवर खराब ब्लॉक.

हार्ड डिस्क म्हणजे फिरत्या तबकड्या. त्यांवरचा एखादा बारीक भाग वाचता आला नाही, तर डिस्क तो पुनःपुन्हा वाचू पाहते आणि तोवर बाकी सारे खोळंबते. ज्या दिवशी त्या भागाशी काम पडत नाही, त्या दिवशी यंत्र ठणठणीत. लहरीपणाचा पत्ता असा सापडला. डिस्क आपल्या प्रकृतीच्या ज्या 'स्मार्ट' नोंदी ठेवते, त्यांत वाचनाला दाद न देणाऱ्या सेक्टरांचा आकडा आठ होता. आठवड्याने तो चोवीस झाला.

फॉरमॅटने तबकडीवरचा व्रण भरून येत नाही, ओव्या तेवढ्या गेल्या असत्या. दुरुस्तीची लांबलचक तपासणीही आधी चालवू नये, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तो ताण सोसवेलच असे नाही. आधी प्रत, मग चिकित्सा. ओव्यांबरोबर आम्ही फॉन्टही उचलला. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली मराठी, तो फॉन्ट नसेल तर, रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा निव्वळ चिवडा होऊन समोर येते. हे संकट पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला आले असते.

नव्या एसएसडीवर तोच संगणक आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो, रोज. ३१२ फायलींपैकी ३०९ सुखरूप आल्या. उरलेल्या तिन्हींत एकाच गावच्या ओव्या होत्या. त्या गाणाऱ्या तिघींपैकी एक आजी अजून आहेत. त्यांच्या नातवाशी बोलणे झाले आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रेकॉर्डर घेऊन जाणार आहोत. आजींना आता किती आठवते, हे त्यालाही सांगता आले नाही.