हाजीअलीची वाट, ओहोटीच्या वेळी

जुमेरातीला अम्मीला घेऊन हाजीअलीला जियारतसाठी गेलो. ओहोटी होती. भरतीत पाण्याखाली जाणारी वाट मोकळी झाली होती आणि दोन्ही बाजूंचे काळे खडक उघडे पडले होते. सगळ्यांची नजर घुमटाकडे. खाली कोण बघतो? त्या खडकांतल्या डबक्यांत खेकडे आहेत, शंखशिंपले आहेत, प्रवाळसुद्धा. होय, मुंबईत! कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये इथल्या प्रवाळांच्या काही वसाहती कुलाब्याला नेव्ही नगरजवळ हलवल्या, तेव्हा मलाही ते कळले.

प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो जीव आहे. त्याच्या अंगात राहणारे सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न तयार करते आणि त्याला पोसते. वर प्लॅस्टिक अडकले की ऊनच अडते.

एका डबक्यात चादरीचे वेष्टण होते, फुलांच्या पिशव्या होत्या आणि बंदी असूनही गुटख्याच्या पुड्या. आमची फुलेही तसल्याच पिशवीत होती. अम्मी म्हणाली, “फुलं दिली, आता ही कुठे टाकू?” मग घडी घालून तिने ती पर्समध्ये ठेवली. पुढच्या मुलाच्या हातातली मात्र वाऱ्याने उडाली, खडकावर जाऊन चिकटली. पाणी चढू लागले होते, खाली उतरता येईना.