माझं आवडतं गाणं : जात्यावरची ओवी

बालमित्रांनो, तुमचं आवडतं गाणं कोणतं? असं विचारलं तर तुम्ही पटकन एखाद्या सिनेमातलं गाणं सांगाल. माझं आवडतं गाणं सिनेमातलं नाही. त्याला तबला नाही, पेटी नाही, आणि ते कुणी रचलं हेही ठाऊक नाही. ते आहे जात्यावरच्या ओवीचं गाणं. लोहाऱ्याच्या आमच्या घरात माझ्या आजीच्या तोंडून मी ते ऐकलं. एखादं गाणं आपल्याला आवडतं, पण ते का आवडतं, याचा विचार आपण सहसा करत नाही. आज आपण या गाण्याचा एकेक धागा सुटा करून पाहू या.

आधी जातं कसं असतं ते सांगतो. दोन गोल, जड दगड एकावर एक. खालचा स्थिर, वरचा फिरता. वरच्या दगडाला एक लाकडी खुंटा आणि मधोमध तोंड. डाव्या-उजव्या हाताची अदलाबदल करत खुंटा फिरवायचा आणि मधूनमधून मूठभर ज्वारी तोंडात टाकायची. याला वैरण घालणं म्हणतात. बघायला सोपं, पण पाच मिनिटं फिरवून पाहा, खांदा भरून येतो!

या गाण्याचा ताल इथूनच निघतो. खुंटा स्वतःकडे ओढताना जोर लागतो, पुढे जाताना तो थोडा हलका जातो. एक जड, एक हलका. एक जड, एक हलका. कुणी टाळी वाजवायला नको, दगडच ताल धरतो. वैरण घातली की जातं जरासं जड होतं आणि गाणंही तिथं क्षणभर रेंगाळतं. तुम्हाला वाटेल, गाणारी बाई काय सुरेख थांबली! खरं म्हणजे तिचा एक हात दाण्यांकडे गेलेला असतो.

आता सूर पाहू. आजीची ओवी चार-पाच सुरांतच फिरायची. सुरुवात थोडी वर, मग पायरी पायरीनं खाली आणि शेवटी सा वर येऊन तिथंच लांबवायची. वरच्या पट्टीत ती कधी गेलीच नाही. का बरं? एक तर दळताना दम लागतो. उठाबशा काढता काढता उंच सुरात गाऊन पाहा म्हणजे कळेल! दुसरं, दळणाची वेळ पहाटेची. घरात लेकरं झोपलेली, सासरा ओसरीवर. मोठ्यानं गाऊन कसं चालेल? आणि जात्याची घरघर तर अखंड चालूच. तंबोऱ्यासारखा नेमका सूर ती देत नाही, पण आवाजाला टेकायला जागा देते.

शब्दांची गंमत वेगळीच. ओवी कागदावर लिहिली तर दोनच ओळी भरते, शेवटी यमक. गाताना मात्र ती दुप्पट लांब होते. मध्ये ‘गं बाई’ येतं, ‘माझ्या’ येतं, एखादा शब्द दोनदा येतो. समोर दुसरी बाई दळायला बसली असेल तर ती तीच ओळ पुन्हा धरते. तेवढ्या वेळात पहिलीला श्वास मिळतो आणि पुढची ओळ जुळवायला सवडही मिळते. कारण ओवी नुसती पाठ केलेली नसते. ऐकलेल्या शेकडो ओव्यांतून त्या दिवशीच्या मनातलं काहीतरी जोडून ती तिथल्या तिथं तयार होते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चाल एकच असते! त्याच चालीवर विठ्ठल येतो, तान्हं बाळ येतं, माहेर येतं, सासूची कुरकुरही येते. सिनेमात दुःखाचा प्रसंग आला की व्हायोलिनं वाजू लागतात, आपल्याला आधीच कळतं की आता रडायचं आहे. ओवीत तसं काहीच होत नाही. मग तरी ती काळजाला का भिडते?

याचं उत्तर मला १९९३ साली मिळालं. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. आमच्याजवळचं सास्तूर उद्ध्वस्त झालं. आमच्याही घराचं माळवद खाली आलं. ढिगारा उपसताना आजीचं जातं मात्र अखंड निघालं. वीज नव्हती, पिठाची गिरणी बंद. मग पत्र्याच्या शेडमध्ये आजीनं तेच जातं मांडलं. समोर शेजारच्या काकू बसल्या.

आजीचा भाऊ त्या भूकंपात गेला होता. इतके दिवस ती त्याच्याविषयी एक शब्द बोलली नव्हती. त्या पहाटे तिनं ओवी धरली ती भावाचीच. पंचमी जवळ आली, भाऊ न्यायला येईल, त्याच्यासाठी काय रांधू, अशी. नेहमीचीच ओवी, नेहमीचीच चाल. आवाज जराही वर गेला नाही. जातं एका लयीत फिरत होतं, पीठ पडत होतं. काकूंनी ओळ उचलली, पण त्यांचाच आवाज अडखळला. आजी मात्र थांबली नाही. तिनं पुन्हा वैरण घातली.

तेव्हा मी लहान होतो, तरी एवढं उमगलं की हे गाणं रडत नाही म्हणूनच ते ऐकवत नाही. साधं बोलताना जे तोंडातून निघत नव्हतं, ते लयीनं बाहेर काढलं. हात कामात होते, नजर पिठावर होती, कुणी ‘काय झालं?’ असं विचारत नव्हतं. घरात ज्यांना बोलायची मुभा फार नव्हती, त्या बायांना ओवीनं ही जागा दिली होती.

ही जागा फार जुनी आहे बरं का! उमरगा ओलांडून कर्नाटकात गेलं की बसवकल्याण लागतं. तिथल्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं सन ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी आपला ग्रंथ ओवीतच सांगितला. आणि गंगाखेडच्या जनाबाईंबरोबर विठ्ठल दळायला बसायचा, ही गोष्ट तर तुम्ही ऐकलीच असेल.

दूर स्कॉटलंडच्या बेटांवरही असंच होतं. तिथल्या बायका लोकरीचं ओलं कापड मेजावर आपटून घट्ट करायच्या. एकजण ओळ म्हणायची, बाकीच्या ती धरायच्या. यंत्रं आली, ते काम गेलं आणि कामाबरोबर गाण्याचं रोजचं ठिकाणही गेलं.

आपल्याकडेही तेच झालं. याचं वाईट वाटतं म्हणून मी एकदा आजीला म्हणालो, “आजी, गिरणी आली आणि गाणं गेलं.” ती म्हणाली, “लेकरा, जातं गेलं ते लई बरं झालं बघ. रोज कोंबड्याच्या आधी उठून दळावं लागायचं. तुझ्या मायला तरी झोप मिळाली.” मी म्हणालो, “मग आता नुसती ओवी म्हण की!” ती हसली. “नुसती कशी येईल? हात फिरला की तोंडात येतंय.” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कष्ट गेले हे चांगलंच झालं, पण गाणं आपणहून सांभाळावं लागेल.

तसं सांभाळणारी माणसंही होती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या इंटरनेटवर, ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात, वाचायला आणि ऐकायलाही मिळतात.

तुमच्या घरात, नाहीतर शेजारी एखादी आजी असेलच. तिला ओवी म्हणायला सांगा. ती म्हणाली, ‘मला कुठं येतंय?’ तर तिच्या हातात काहीतरी फिरवायला द्या. मग नीट ऐका: ती कुठं थांबते, कोणता शब्द दोनदा म्हणते, शेवटचा सूर किती लांबवते. आणि ओवी ज्या माणसाविषयी आहे, ते माणूस कोण होतं, हेही हळूच विचारा.