रहिमतपूरची मोट आणि वळकटीतली मच्छरदाणी

पुणे-मिरज लोहमार्गावर सातारा, कोरेगाव मागे पडले की रहिमतपूरचे स्टेशन येते. कमंडलू नदीकाठचे हे जुने बाजाराचे गाव. भोवताली ऊस, आले, हळद. माझी बहीण येथे दिली आहे, म्हणून वर्षातून एकदा तरी फेरी होतेच.

गावात विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याची कबर आणि मशीद आहे. जवळच विहिरीवर उंच मनोरा असून त्याला लांबलचक उतरण आहे. तिथे हत्तीकडून मोट ओढवून पाणी वर चढवीत आणि मशिदीच्या कारंज्याला सोडीत, असे सांगतात. पाणी वाहते ठेवायला जुन्या लोकांनी केवढा खटाटोप केला!

आपण मात्र ते दाराशी साचू देतो. सायंकाळी शिवारातून परतताना एका डबक्यात वाकून पाहिले. पाण्याच्या पाठीवर आडव्या पडलेल्या बारीक अळ्या दिसल्या. हिवतापाच्या डासाची अळी अशीच आडवी असते. मला माझे बोर्डिंग आठवले.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तेव्हापासून या मुलखातल्या शेतकऱ्याच्या पोराला बोर्डिंग परके राहिले नाही. मीही अशाच एका बोर्डिंगात शिकलो. आईने वळकटीत मच्छरदाणी बांधून दिली होती. पोरे हसतील म्हणून मी ती उशाला घेऊन झोपलो. पावसाळा सरता सरता शेजारच्या मुलाला हुडहुडी भरून ताप आला. एक दिवस बरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा थंडी. बरे वाटताच त्याने गोळ्या सोडल्या. महिन्याभराने मी अंथरूण धरले आणि माझी सहामाही बुडाली.

असे का होते? डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू असतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत पाहिले. आजाऱ्याला चावलेल्या डासाच्या अंगात जंतू तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. मग तो दुसऱ्याला चावतो. म्हणून मच्छरदाणी निरोग्याला हवी, तशी आजाऱ्याला आधी हवी. हा डास तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतो, तेव्हा जाळी दिवस मावळण्याआधी बांधावी, कडा गादीखाली खोचाव्यात, भोके शिवावीत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. त्याला अंगभर कपडे आणि झाकलेले पाणी हाच उपाय.

अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा हौद, रांजण, गुरांची पाण्याची टाकी घासून कोरडी केली, की ती पिढी तिथेच संपते. थंडीताप आला तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासावे. तिथे पैसे पडत नाहीत. डॉक्टर सांगतील तितके दिवस गोळ्या पुऱ्या घ्याव्यात, कारण एका जातीचे जंतू काळजात, म्हणजे यकृतात, दडून बसतात.

देशात १९६५ च्या सुमारास हिवतापाचे रुग्ण लाखभरावर आले होते. ढिलाई झाली आणि १९७६ साली आकडा ६४ लाखांवर गेला. आज रोग पुष्कळ हटला आहे, म्हणूनच विसर पडायला नको.

घरी पोचलो तर भाच्याची बोर्डिंगची वळकटी बांधणे चालले होते. मी मच्छरदाणी, सुतळी आणि चार खिळे आत ठेवले.

“मामा, पोरं हसतील.”

“हसू देत. तू बांध, आणि उरलेली सुतळी शेजारच्याला दे.”