डाग आणि ओरखडे

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मध्य प्रदेशात. पण घराचा उंबरठा ओलांडला की कानावर मराठीच पडते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा काढून या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. हा संत्र्यांचा मुलूख. सौंसरजवळ माझ्या एका मावशीचा संत्र्यांचा बगीचा आहे.

मावशीच्या मांडणीवर प्लास्टिकचे कप दोन जागी असत. वर पांढरेशुभ्र, ते पाहुण्यांचे. खाली आतून तपकिरी पडलेले, ते संत्री तोडायला येणाऱ्या मजुरांचे. "खराब थोडीच आहेत, डागच तं आहेत," असं मावशी म्हणायची. आमच्या गोव्यात कॉफीने कप असेच रंगतात, तिकडे चहाने. पेय वेगळं, डाग मात्र सारखाच हट्टी!

मावशीची सून त्या कपांच्या मागे लागली. मावशीचा उपाय एकच, चुलीची राख आणि तारेची घासणी. "घासल्याबिगर डाग निघते का, बाप्पा?" पितळेला ते चालतं, स्टीललाही फारसं बिघडत नाही. प्लास्टिक मऊ. त्यावर बारीक ओरखडे उठतात आणि पुढच्या चहाचा रंग नेमका त्या ओरखड्यांत जाऊन बसतो. म्हणजे जितकं घासावं तितका कप लवकर काळवंडतो.

सुनेने घासणी बाजूला ठेवली. खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून कपाला आतून लेप दिला आणि अर्धा तास तसाच ठेवला. मग मऊ ओल्या फडक्याने हलकेच पुसला. जे कप फारच जुने होते, त्यांत कोमट पाणी आणि चमचाभर सोडा घालून रात्रभर ठेवले. डाग सैल झाला, काही कपांचा पूर्ण गेला. संत्र्याची साल चोळून पाहण्याचा मोह तिकडे कुणालाही होईल. पण सालीतलं तेल तेलकटपणा काढतं, चहाचा रंग नव्हे; आणि थर्माकोलच्या जातीचं प्लास्टिक तर त्या तेलाने विरघळतं. हळदीचा डाग असेल तर भांडं सरळ उन्हात ठेवावं, प्रकाशाने हळदीचा रंग उडतो. ब्लीचिंग पावडरमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

कप स्वच्छ झाल्यावर सुनेने ते वरच्याच फळीवर लावले. मावशी काही क्षण बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तोडणीला माणसं आली, तेव्हा तिने हाताला येईल तो कप घेऊन चहा ओतला. कुठला कुणाचा, हे ओळखायला आता खूणच उरली नव्हती.

मला वाटतं, डागांचं खरं काम तेवढंच होतं. त्यांनी माणसं वेगळी ठेवली होती. आणि त्यासाठी लागला तो चमचाभर सोडा, थोडा वेळ आणि न भांडणारी एक सून!